वैमानिकाने परदेशी जावे काय?

आपल्या समाजातला एखादा मुलगा वैमानिक होतो ही गोष्ट अजूनही बातमी होण्याइतकी दुर्मिळ आहे. तो वैमानिक झाला की वस्तीत सत्कार होतो, हार घातले जातात, फोटो निघतात. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहतो आणि त्याची तयारी आपल्यापैकी कोणी केलेली नसते. चार-पाच वर्षांनी दुबईच्या, दोह्याच्या किंवा आणखी कुठल्या शहरातल्या विमान कंपनीचे पत्र येते. पगार येथल्यापेक्षा पुष्कळ अधिक, त्यावर प्राप्तिकर नाही, राहण्याची सोय कंपनीची. जावे की न जावे? पगाराचा हिशेब कोणीही करील. परंतु हा प्रश्न नीतीचाही आहे आणि म्हणून या पानांवर त्याचा विचार व्हावा असे मला वाटते.

मी मीरा रोडच्या नया नगरात राहतो आणि जवळच्याच एका शाळेत शिकवतो. या वस्तीला परदेशी नोकरीची नवलाई नाही. १९७९ च्या सुमारास वसू लागलेली, १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर आश्रयाला आलेल्या कुटुंबांनी भरलेली ही वस्ती. येथे कोणाचा भाऊ रियाधला, कोणाचा जावई कुवेतला. जानेवारी २०२४ मध्ये येथे तणाव झाला, पाठोपाठ दुकानांवर बुलडोझर फिरला, तेव्हापासून "मुलांनो, बाहेर जा" हे शब्द पुष्कळ घरांतून ऐकू येतात. भीतीने जाणे आणि विचाराने जाणे यांत फरक आहे. भीतीने जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी येथे बोलणार आहे तो विचाराने जाऊ पाहणाऱ्याबद्दल.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या एका भारतीय विमान कंपनीत को-पायलट आहे. वडील रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. त्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. बहीण बारावीला. शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून अर्धे बाकी. त्याला आखातातल्या एका कंपनीकडून मोठ्या विमानावर को-पायलटची जागा देऊ केली आहे. तो मला म्हणाला, "सर, पैशाचा हिशेब मला कळतो. मी गेलो तर पळालो असे होईल का, एवढेच सांगा." हा लेख म्हणजे त्याला दिलेले, थोडे लांबलेले उत्तर आहे.

आजीविका शुद्ध आहे काय?

पहिला प्रश्न व्यवसायाचा. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. माणसांना एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवणे यांत कोठेच बसत नाही. उलट शेकडो जीव आपल्या हाती आहेत ही जाणीव ठेवून करावे लागणारे काम पहिल्या शीलाच्या अगदी जवळचे आहे. पाचव्या शीलाचे तर या धंद्यात सरकारच राखण करते. उड्डाणापूर्वीच्या बारा तासांत मद्य घ्यायचे नाही असा आपल्याकडे नियमच आहे आणि श्वासाची तपासणी होते.

कोणी म्हणेल, विमानात मद्य विकले जाते त्याचे काय? एस.टी.च्या ड्रायव्हरला प्रवाशाच्या पिशवीतल्या बाटलीचा जाब आपण विचारत नाही. तोच न्याय येथे लावावा. परंतु मालवाहू विमानाची गोष्ट वेगळी. दारूगोळा वाहून नेणाऱ्या कंपनीचा करार समोर आला, तर पगार कितीही असो, उपासकाने थांबून विचार केला पाहिजे. शस्त्र विकणारा आणि शस्त्र जाणूनबुजून पोचवणारा यांच्यातले अंतर फार थोडे आहे. आपण काय वाहून नेणार आहोत हे विचारणे हा सही करण्यापूर्वीचा पहिला धर्म होय. माझ्या विद्यार्थ्याची कंपनी प्रवासी वाहतुकीची आहे. तेव्हा येथे अडचण नाही.

करार कोणाशी?

दुसरा प्रश्न कराराचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २००५ पासून वैमानिकांना सहा महिन्यांची नोटीस बंधनकारक केली. २०१७ मध्ये कमांडरसाठी ती एक वर्षाची झाली, को-पायलटसाठी सहा महिन्यांची राहिली. कारण असे की, एका वैमानिकाच्या जागी दुसरा तयार करायला कित्येक महिने जातात आणि अचानक सोडून गेलेल्यांमुळे उड्डाणे रद्द होऊन सामान्य प्रवासी विमानतळावर अडकतो.

हा नियम एकतर्फी आहे असा वैमानिकांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला निघाले. गो फर्स्ट ३ मे २०२३ रोजी थांबली. या तिन्ही वेळी कामगारांना एक वर्षाची किंवा सहा महिन्यांची नोटीस कोणी दिली? किंगफिशर आणि जेटच्या लोकांचे तर कित्येक महिन्यांचे पगारही थकले होते. मग वैमानिकानेच का पाळावी?

माझे म्हणणे असे की, पाळावी, पण ती मालकाच्या उपकारासाठी नव्हे. नोटीस ही प्रवाशांशी आणि मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांशी केलेला करार आहे. एक जण रात्रीतून निघून गेला की त्याचे तास दुसऱ्याच्या अंगावर पडतात आणि थकलेला वैमानिक हा सर्वांनाच धोका असतो. मालक वचन मोडतो म्हणून आपण प्रवाशाशी वचन मोडावे, हा न्याय नव्हे.

बाबासाहेबांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून ते परतले आणि करारानुसार बडोद्यात हजर झाले. तेथे शिपाई त्यांच्याकडे कागद फेकत, राहायला घर मिळेना, पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. तेव्हा त्यांनी बडोदे सोडले. करार पाळायला ते गेले होते आणि माणूस म्हणून राहू दिले नाही म्हणून निघाले. करार पाळण्याचे कर्तव्य आणि स्वाभिमान गहाण न टाकण्याचे कर्तव्य, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

समाजाचे ऋण

आता मुख्य प्रश्न. समाजाच्या जोरावर शिकायचे आणि समाज सोडून जायचे, हे चालेल काय?

१८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली ती आपण सर्व जाणतो. ती सभा आठवली की कोणत्याही शिकलेल्या माणसाची मान खाली जाते. माझ्या घरात सही करण्यापलीकडे लिहिणारा मी पहिलाच. तेव्हा ती खंत मलाही उद्देशून आहे असे मी मानतो. परंतु ती खंत नेमकी कशाबद्दल होती? शिकलेली माणसे दूर गेली याबद्दल नव्हे. कारकुनी मिळताच आपले पोट आणि आपले घर यापलीकडे त्यांनी पाहिले नाही याबद्दल होती. दादरला राहूनही हे करता येते. त्यासाठी दोह्याला जावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वरच्या जातीतला इंजिनियर सरकारी खर्चाने चालणाऱ्या आय.आय.टी.त शिकून अमेरिकेला जातो, तेव्हा त्याला कोणी "पळालास" म्हणत नाही. त्याच्या घरी पेढे वाटतात. आपला मुलगा निघाला की मात्र त्याच्या डोक्यावर सगळ्या समाजाचे ओझे ठेवले जाते. हे ओझे ठेवणाऱ्यांत परके असतात तसे आपलेही असतात. वर्गात पहिल्याने शिकलेल्या एकट्या मुलाने आईबापाचे कर्ज फेडावे, भावंडांना शिकवावे, विहाराला वर्गणी द्यावी, वस्तीचे पुढारीपण करावे आणि वर स्वतःसाठी काही मागितले तर लाज वाटून घ्यावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. धम्म माणसाला अपराधीपणाखाली दडपत नाही. तो त्याला हेतू तपासायला सांगतो.

हेतू तपासायचा तर पुन्हा बाबासाहेबांकडेच पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. चळवळ उभी राहत होती, लोक डोळे लावून बसले होते. आणि जुलैमध्ये ते लंडनला निघून गेले, अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला. देश सोडणे हेच जर समाज सोडणे असते, तर १९२० चे ते प्रस्थान आपण काय म्हणून समजायचे? १९२३ साली ते परतले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे. जाण्याचा अर्थ पुढच्या कामाने ठरला.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बाबासाहेब शिकायला गेले, हा तर कमवायला चालला आहे. मान्य. मोठ्या विमानाचा अनुभव हेही शिक्षणच, असे म्हणून मी त्याची नोकरी तपश्चर्या ठरवणार नाही. नोकरी ती नोकरीच. म्हणून तर नुसत्या जाण्याने ती चांगली किंवा वाईट ठरत नाही. तिचा जोड कशाशी आहे हे पाहिले पाहिजे.

हा विचार आपल्या परिसराला नवा नाही. मीरा रोडहून विरारकडे जाणाऱ्या लोकलचे चौथे स्टेशन नालासोपारा. तेथल्या प्राचीन सोपारा बंदरातला पुण्ण नावाचा व्यापारी मालाचे तांडे घेऊन श्रावस्तीला गेला होता, असे अट्ठकथा सांगते. गेला होता तो नफ्यासाठी. तेथे त्याने बुद्धांचा उपदेश ऐकला, भिक्खू झाला आणि आपल्याच सुनापरान्त देशी परत जाण्याची परवानगी मागितली. तेथली माणसे उग्र आहेत, शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, असे बुद्धांनी एकामागून एक विचारले. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर शांत होते. तो परतला आणि त्याच वर्षावासात शेकडो उपासक-उपासिका तयार झाल्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तो याच भूमीत. व्यापारासाठी दूर गेलेल्या माणसाला बुद्धांनी "का गेलास" असे विचारले नाही. त्याने काय बरोबर आणले, हे महत्त्वाचे ठरले.

फेड कशाने?

आता फेडीविषयी. आपल्याकडे फेड म्हटली की पैसा आठवतो. पैसा हवाच. परंतु वैमानिकाजवळ पैशापेक्षा दुर्मिळ वस्तू आहे. ती म्हणजे वाटेची माहिती.

आमच्या शाळेतल्या मुलांना विचारा, वैमानिक व्हायला काय लागते? "खूप पैसे," एवढेच उत्तर येते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आले आहे, हे दहावीनंतर कला शाखा घेणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही. रंगांधळेपणा असेल तर वाट बंद होऊ शकते, म्हणून वैद्यकीय तपासणी आधी आणि कर्ज नंतर, हे कोणी सांगत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. हवामानशास्त्र, दिशादर्शन, नियम आणि तांत्रिक विषय यांच्या परीक्षा असतात, त्या घरी अभ्यास करून देता येतात. जुहूला १९२८ पासूनचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी आणि प्रशिक्षणाची सोय आहे, रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षणाकरिता वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांपर्यंतची तरतूद होती. खर्च त्याच्या कितीतरी पट, हे खरे. पण अशी तरतूद असते हेच जर माहीत नसेल, तर ती वाढवून मागणार कोण?

ही माहिती दोह्यातून फोनवरही देता येते आणि अंधेरीत राहून न देताही राहता येते. पैसा पाठवणारे आपल्यात आता पुष्कळ झाले आहेत, हात धरून नेणारे थोडे आहेत. दोन मुलांना जरी त्याने वैद्यकीय तपासणीपासून पहिल्या एकट्या उड्डाणापर्यंत नेले, तरी ती फेड कोणत्याही वर्गणीपेक्षा मोठी होईल.

बोलण्याचे धाडस

आणखी एका गोष्टीचा विचार क्वचितच होतो. तेथे जाऊन हा मुलगा कसा माणूस होईल?

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने आदळली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाच्या ज्येष्ठ कॅप्टनने परवानगी नसताना धाव घेतली. समोरचे विमान धावपट्टीवरून गेले नसावे, अशी शंका त्याच्याच कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती झटकून टाकली आणि पुन्हा कोणी अडवले नाही. अशा अपघातांनंतर जगभर वैमानिकांना एक नवे शिक्षण दिले जाऊ लागले: कनिष्ठाने बोललेच पाहिजे आणि ज्येष्ठाने ऐकलेच पाहिजे. वस्तुस्थितीपुढे हुद्दा चालत नाही.

बांधवांनो, ज्यांच्या आजोबांना पाटलासमोर मान वर करून बोलता येत नव्हते, त्यांच्या नातवाला कॉकपिटमध्ये "सर, हे चुकते आहे" असे म्हणण्याचा पगार मिळतो. कोणाचा अधिकार मोठा म्हणून त्याचे म्हणणे मानू नका, हा कालामांना केलेला उपदेश येथे रोजच्या कामाचा नियम झाला आहे. ही सवय जपण्यासारखी आहे.

म्हणून करार वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा. तेथे बोलता येते काय? संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनांना स्थान नाही. नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो. २०२० च्या महामारीत आखातातल्या बलाढ्य कंपन्यांनीही वैमानिकांना घरी पाठवले. आपल्याकडे वैमानिकांच्या संघटना विश्रांतीच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक उभे न करता आल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने त्या कंपनीला तात्पुरती सवलत दिली, हेही खरे. येथे सर्व आलबेल आहे असे नाही. पण येथे भांडता येते. १९३८ साली संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी कामगारांना रस्त्यावर आणले होते. त्यांच्या अनुयायाने हा हक्क काही वर्षांसाठी बाजूला ठेवताना निदान तो काय ठेवतो आहे हे जाणावे.

घरचा हिशेब

शेवटी घर. सिगालाला केलेल्या उपदेशात मुलाने आईबापांचा सांभाळ करावा, त्यांची कामे करावीत, असे सांगितले आहे. सांभाळ पैशाने होतो, कामे हातांनी करावी लागतात. डायलिसिसचा खर्च दोह्याहून येईल. परंतु सकाळी सहाला रिक्षा कोण बोलावील, मशीनजवळ चार तास कोण बसेल, परतताना चक्कर आली तर खांदा कोण देईल? नया नगरातल्या शेजारणींना हे विचारा. नवरा आखातात असताना सासू-सासऱ्यांची आजारपणे ज्यांनी एकटीने काढली, त्या सांगतील की मनीऑर्डरीमागे घरात कोणीतरी एक बाई उभी असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरात ती बाई म्हणजे त्याची बारावीतली बहीण होणार आहे. कोणी तसे ठरवलेले नाही. ते आपोआप होईल. आठवड्यातले दोन दिवस तिचे कॉलेज बुडेल, मग परीक्षा बुडेल आणि भाऊ आकाशात गेल्याचे भाडे ती भरील. मला सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे दिसते. समाजाचे ऋण म्हणून आपण दूरचे शोधत बसतो. पहिले ऋण अनेकदा घरातल्या मुलीचे असते आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे. त्याने जायला हरकत नाही, ते पळणे ठरणार नाही, मात्र काही गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. पूर्ण सहा महिन्यांची नोटीस त्याने काढावी. तेवढ्या काळात वडिलांसाठी पगारी माणूस नेमून, तो टिकतो काय हे स्वतः येथे असताना पाहावे. बहिणीच्या शिक्षणाचे पैसे तिच्याच नावे ठेवावेत. उत्पन्नाचे चार भाग करून एक अडचणीसाठी राखावा, हे बुद्धवचन या धंद्याला तर फारच लागू आहे. कारण कंपन्या कशा बुडतात हे आपण पाहिले. जाण्याची मुदत आधी ठरवावी, तीन वर्षे म्हणा, आणि ती संपताच पुन्हा नव्याने विचार करावा, सवयीने मुदत वाढवू नये. आणि वाट दाखवण्यासाठी दोन मुले, त्यांत एक मुलगी, जाण्यापूर्वीच निवडावीत.

यातले बाकी सारे थोडे मागेपुढे झाले तरी चालेल. पण बहिणीचे कॉलेज सुटणार असेल, तर त्याने जाऊ नये. मोठे विमान पुढेही मिळेल. तिची बारावी पुन्हा मिळेलच असे नाही.

मी हे त्याला सांगितले आहे. निर्णय त्याचा आहे, कारण बुद्धांनी शेवटी प्रत्येकाला स्वतःच्याच प्रकाशात चालायला सांगितले. वाचकांना मात्र एक विनंती. तुमच्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी असे पत्र घेऊन तुमच्याकडे आली, तर तिला समाजद्रोही म्हणू नका आणि नुसता पेढाही भरवू नका. तिच्याबरोबर बसा, करार वाचा आणि विचारा: तू नसताना तुझे काम कोण करणार आहे?